वंदीला विचारलं, मला नाही

वंदी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि मी तिच्यावर आयुष्यभर जळत आले. हे आता लिहायला हरकत नाही. तिलाही ते ठाऊक असावं, पण ती कधी बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यावरही मी जळले.

आमचा मळा देऊळघाटच्या शिवारात होता. वांगी, मिरची, मेथी, आणि सगळ्यात जास्त सांभार, म्हणजे बाकीचा महाराष्ट्र जिला कोथिंबीर म्हणतो ती. झुंजूमुंजू व्हायच्या आत बाबा विहिरीवरची मोटर सुरू करत आणि तिची धडधड आम्हाला झोपेतच ऐकू येई. मग आम्ही दोघी बहिणी ओट्यावर ओल्या ढिगासमोर बसून जुड्या बांधायचो. माझी जुडी नीट, मुळं एका रेषेत, माती झटकलेली, सुतळी दोन वेढ्यांत आवळलेली. वंदीची जुडी ढिली, एखादी काडी बाहेर लोंबणारी. पण बुलडाण्याच्या बाजाराला जाताना टोपली भरायची वेळ आली की बाबा तिच्या जुड्या वर ठेवत आणि माझ्या खाली. का, तर ढिली जुडी फुललेली दिसते, गिऱ्हाईक आधी तिला हात घालतं. मी एकदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तुया जुड्या चांगल्याच हाये वं. त्या दबल्या तरी काही होत नाही त्यायले." माझ्याबद्दल त्या घरात सगळ्यांचं तेच मत होतं.

मायला दम्याचा त्रास होता. चुलीचा धूर तिला सोसेना, म्हणून सातवीनंतर माझी शाळा सुटली. तसं ठरवायला कोणी बसलं नव्हतं. एका सोमवारी मायला उठवेना, मी भाकरी टाकल्या, मंगळवारी परत टाकल्या, आणि तसंच चालू राहिलं. वंदी मात्र शाळेत जात राहिली. संध्याकाळी मी पातोडीच्या भाजीचा रस्सा ढवळत असायची, घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा वास असायचा, आणि ती चुलीच्या उजेडात पुस्तक धरून मोठ्यानं पाठ करायची. तिला मी लागायची, पुस्तक हातात धरून ती चुकते का ते पाहायला. भूगोल असो, नागरिकशास्त्र असो, मी पिठाच्या हातानं पान उलटायची आणि म्हणायची, "मंग? पुढं?" राज्यघटना हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा वाचला. घटना म्हणजे काहीतरी घडलेलं, अपघातासारखं, असंच मी बरेच दिवस धरून चालले होते. मूलभूत हक्क तिच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही पाठ झाले. समतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा. ते सगळं दिल्लीकडचं काहीतरी असेल असं मला वाटे. आमच्या घराशी, त्या चुलीशी त्याचा काही संबंध असेल असं माझ्या मनातही आलं नाही. वंदीच्या आलं असावं, पण तिनं ते सांगितलं नाही.

वंदीला शाळेत उशिरा घातलं होतं. ती दहावी पास झाली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला मागणं आलं. स्थळ लोणारचं, मुलाचं बसस्टँडजवळ वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. त्यालाच एक धाकटा भाऊ होता, शेती पाहणारा. आमचा मामा, मायचा मोठा भाऊ, म्हणाला की दोघी बहिणी एकाच मांडवात उजवून टाकू, एका घरात राहतील, एकमेकींना धरून. बाबांना ते पटलं. मायनं पदरानं डोळे पुसले, म्हणजे तिलाही पटलं. ते लोक पाहायला आले त्या दिवशी मी चहा दिला, पाट मांडला, नाव सांगितलं, खाली पाहिलं. तो मुलगा कसा होता ते मला नीट दिसलंही नाही. त्याच्या चपलांचा अंगठा शिवलेला होता तेवढं दिसलं. ते लोक गेल्यावर सगळे तारखेचं बोलायला लागले. मला कोणी काही विचारलं नाही आणि विचारायला हवं होतं असं मलाही वाटलं नाही. मी उष्टी भांडी उचलली.

दोन दिवसांनी सकाळी जुड्या बांधताना वंदी हळूच म्हणाली, "ताई, पेटीतला माया टी.सी. काढून देतं का? शाळा सोडल्याचा दाखला."

"कायले?"

"पायजे होता."

"पेटीची किल्ली मायच्या कंबरेले असते. मी नाही काढत," मी म्हणाले. किल्ली माय झोपली की उशाशी असायची आणि मला ती हवी तेव्हा मिळायची. पण वंदीला काहीतरी हवं होतं आणि ते माझ्याकडे होतं, असं फार वेळा घडत नसे.

त्याच दुपारी ती गेली. बाजाराला जाते म्हणून गेली आणि आली नाही. तीन दिवस घरात चूल नीट पेटली नाही. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं, बाबांच्या नावानं, आणि ते मीच वाचून दाखवलं. मी नर्सच्या ट्रेनिंगला नाव घातलं आहे, होस्टेलवर राहते, बायाच बाया आहेत, काळजी करू नये, मला लग्न आत्ता करायचं नाही. खाली तिची सही. बाबा ऐकून म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी शेवटच्या ओळीवर थांबले. 'मला करायचं नाही' असं एक वाक्य आमच्या घरातल्या मुलीनं लिहून पोस्टात टाकलं होतं आणि ते घरापर्यंत पोचलं होतं. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं, आणि राग मला त्याचाच आला.

बाबा दुसऱ्या दिवशी होस्टेलवर जाऊन आले. तिथल्या बाईंनी वंदीला बाहेर बोलावलं, ती आली, बाबांच्या पाया पडली आणि येत नाही म्हणाली. बाबा परत आले ते ओट्यावर बसूनच राहिले. मग मामा आला. मामाला कोर्टकचेरीची माहिती होती, निदान तो तसं दाखवत असे. तो म्हणाला, "यात कोणत्यातरी पोट्ट्याचा हात हाये. पोट्टी लहान हाये, सतरा वर्साची, तिले कोणीतरी फूस लावून नेली, असं लेहून देऊ. अज्ञान असली म्हणजे बापाच्या ताब्यात भेटते." अठराच्या आतल्या माणसाला कायद्यात अज्ञान म्हणतात हे मला तेव्हा कळलं. बाबांना वंदीचं नेमकं वय माहीत नव्हतं. ते चौथीपर्यंत शिकलेले, आमचे जन्म त्यांना कोणत्या पिकाच्या साली झाले तसे आठवत. मामा सतरा म्हणाला, त्यांनी सतरा धरलं आणि तक्रारीवर सही केली.

जाताना मामानं मला परसात गाठलं. "कमल, पेटीत तिचा दाखला असंल. काढ अन् चुलीत घाल. बापाले सांगू नको, त्याचं मन कच्चं हाये."

मी दाखला काढला. त्यावर जन्मतारीख होती, आकड्यात आणि अक्षरात. मी बोटांवर मोजलं. वंदीला अठरा पूर्ण होऊन चार महिने झाले होते. मी चुलीसमोर बसले, फुंकणी बाजूला ठेवली, कागद हातात धरला, आणि टाकला नाही. यात माझा चांगुलपणा होता असं कोणी समजू नये. जाळला असता तर तो संपला असता. ठेवला तर माझ्याकडे राहणार होता. वंदीचं जाणं-येणं माझ्या हातातल्या चतकोर कागदावर होतं, आणि ते मला आवडलं. घरात लपवायला जागा नव्हती, म्हणून मी तो रुमालात घडी करून माझ्या कापडी पिशवीच्या तळाशी ठेवला.

कोर्टाच्या तारखेला मामा, बाबा आणि मी गेलो. मायला नेलं नाही, तिचा दमा उठला होता. मी भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत बांधून घेतलं, त्याच पिशवीत, रुमालाच्या वर. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. समोरच्या बाकावर वंदी, तिच्याजवळ होस्टेलच्या बाई. वंदीनं कोणाचीतरी निळी साडी नेसली होती. घरी ती परकर-पोलक्यात असायची, साडीत मी तिला पहिल्यांदा पाहिली, आणि मनात आलं की हिला माझ्याआधी साडी शोभायला लागली. अशा जागी माणसाच्या मनात काय येईल ते सांगता येत नाही.

माझ्या बाजूला एक पोलीस बाई बसल्या होत्या, वयानं मायएवढ्या. त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "बहीण का तुई?"

"हाव."

"घाबरू नको. साहेब चांगले हाये. अज्ञान निघाली तर बापाकडं. सज्ञान निघाली तर साहेब तिले एकच इचारतात, कुठं जायचं. ते जे म्हणंल ते."

"बापाले नाही इचारत?"

"बापाले कायले इचारतीन? जायचं तिले हाये."

मला विसावं सरलं होतं. म्हणजे मी दोन वर्षांपासून सज्ञान होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या अंगणात एक खोली आहे आणि त्या खोलीत एक माणूस बसतो, तो आमच्यासारख्या मुलीला विचारतो की तुला कुठं जायचं. आणि तो प्रश्न वंदीला मिळणार. माझ्या ताटात आलंच नाही आणि तिच्या ताटात दोनदा वाढलं, असं लहानपणी व्हायचं तसं मला झालं. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली.

शिपायानं नाव पुकारलं. आत पंखा होता, पण वारा साहेबांच्या टेबलापुरता. साहेब पन्नाशीचे, चष्मा नाकावर, समोर बशीनं झाकलेला पाण्याचा ग्लास. आवाज पुण्याकडचा, सगळे शब्द पूर्ण म्हणणारा.

"वय काय तुझं?" त्यांनी वंदीला विचारलं.

"अठरा झाले साहेब. चार महिने वर."

"सतरावं चालू हाये साहेब," बाबा हात जोडून म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

"कागद आहे का काही?"

मामा पुढं झाला. "सगळं घर पाह्यलं साहेब, सापडून नाही राह्यला."

साहेबांनी वंदीच्या फाईलमध्ये पाहिलं. तिथं गुणपत्रिका होती, तिच्यावर जन्मतारीख नव्हती. "मग शाळेच्या रजिस्टरचा उतारा मागवावा लागेल."

"शाळा उन्हाळ्याची बंद हाये साहेब," मामा म्हणाला, "हेडमास्तर गावाले गेले. जूनमध्ये उघडंल."

"तोपर्यंत मुलीला सरकारी महिलागृहात ठेवावं लागेल. वय नक्की झाल्याशिवाय मला दुसरं काही करता येणार नाही."

वंदी म्हणाली, "साहेब, महिन्याच्या शेवटी कागद नाही दिले तर माही जागा दुसरीले जाते." तिचा आवाज हलला नाही. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा. विनवणी नव्हती, राग नव्हता. दाखला पेटीत होता हे तिला माहीत होतं आणि पेटीची किल्ली कोणाला मिळते हेही.

मी त्या क्षणी बहिणीचा विचार केला असता तर बरं झालं असतं, इथं लिहायला शोभलं असतं. मी केला नाही. माझ्या मनात एवढंच होतं की आता वंदीला महिलागृहात नेतील, पुढची तारीख पडेल, आणि साहेब तो प्रश्न विचारणारच नाहीत. पोलीस बाई खरं सांगत होत्या की नाही ते मला कधी कळणारच नाही. मला तो प्रश्न ऐकायचा होता. मला विचारलेला नसला तरी चालेल, पण तो खरोखर विचारतात का ते मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं.

मी पिशवीत हात घातला. भाकरीचं गाठोडं वर आलं, ठेच्याचा डबा कलंडलेला होता. रुमाल उलगडला तर दाखल्याच्या एका कोपऱ्याला लाल तेल लागलेलं. मी तो शिपायाच्या हातात दिला. मामाच्या तोंडून श्वास निघाल्याचा आवाज आला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग मामाकडे, मग परत माझ्याकडे.

साहेबांनी कागद दूर धरून वाचला. तेलाच्या डागाकडे पाहून काही बोलले नाहीत. लेखनिकाला तारीख सांगितली. मग चष्मा काढला आणि वंदीला म्हणाले, "तुला कुठं जायचं आहे?"

"होस्टेलवर, साहेब."

"कोणी जबरदस्ती केली? कोणी शिकवून पाठवलं?"

"नाही साहेब."

"घरी का जायचं नाही ते सांगायचं असेल तर सांग. नाही सांगितलंस तरी चालेल."

वंदी गप्प राहिली आणि साहेबांनी ते चालवून घेतलं. बाबा पुढं आले. "साहेब, मी बाप हाओ तिचा. ते माही पोरगी हाये. मी नेतो तिले घरी."

साहेब त्यांच्याशी चिडून बोलले नाहीत. "तुम्ही वडील आहात, ते कोणी काढून घेत नाही. पण ती सज्ञान आहे. तिच्या मर्जीविरुद्ध तुम्ही तिला नेऊ शकत नाही. पोलीस नेऊ शकत नाहीत. मी इथं बसलोय, मीसुद्धा तिला घरी जा म्हणू शकत नाही. मला तो अधिकार नाही."

बाहेर आल्यावर वंदी माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला. "ताई," ती म्हणाली.

"मी तुयासाठी नाही केलं," मी म्हणाले.

तिला वाटलं मी मोठेपणानं बोलते आहे. ती हसली. अजूनही ती लोकांना तसंच सांगते, माझ्या ताईनं मला वाचवलं म्हणून, आणि तेव्हा मी जवळ असले की मीच उठून चहा ठेवायला जाते.

मामा रागानं दुसऱ्या गाडीनं गेला. बाबा आणि मी एसटीत शेजारी बसलो. भाकरी कोणी खाल्ली नाही. गाव जवळ आल्यावर बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "एवढा मोठा साहेब. त्याच्या एका शब्दावर माणसं जेलात जातेत. अन् तो म्हणते, मले अधिकार नाही." ते चिडलेले वाटले नाहीत. कोड्यात पडलेले वाटले. कागदाबद्दल त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही नाही.

पुढं वंदी नर्स झाली. पांढरे कपडे, सायकल, हाताला घड्याळ, स्वतःचं क्वार्टर. दोन वर्षं बाबा तिच्याशी बोलले नाहीत, मग मायच्या दम्याचं औषध ती आणून द्यायला लागली आणि बोलायला लागले. तिनं लग्न केलं ते तिसाव्या वर्षी, स्वतः ठरवून. या सगळ्याचा मी हेवा केला. तिच्या सायकलचा सगळ्यात जास्त. माझी नात परवा दुकानात गल्ल्याशेजारी बसून मूलभूत हक्क पाठ करत होती आणि तिनं पुस्तक माझ्या हातात दिलं, बघ म्हणाली चुकते का. मी "पुढं?" म्हणत गेले. मला तिला मध्येच एक गोष्ट सांगायची होती, पण तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

आता राहिलं माझं. कोर्टाच्या तारखेनंतर लोणारच्या लोकांनी धाकट्याचा विषय सोडला, पण मोठ्या मुलासाठी निरोप पाठवला की आमची ना नाही. निरोप आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ओट्यावर एकटीच जुड्या बांधत होते. मोटर चालू होती. बाबा टोपली घेऊन आले, ती खाली ठेवली, भरायला लागले नाहीत. उभे राहिले.

"कमल. त्या लोणारच्या पोराचं... तुले काय वाटते?"

माझ्या हातातली सुतळी सुटली. "मले इचारून राह्यले का बाबा?"

"हाव."

"मंग मले येळ पायजे."

"किती?"

"आठ दिवस."

बाबांनी मान हलवली आणि टोपली भरायला घेतली. खरं सांगायचं तर माझं उत्तर तिथंच तयार होतं. तो मुलगा गरीब स्वभावाचा आहे असं कानावर आलं होतं, आणि दुकानात पुस्तकं होती. पण मी ते दिलं नाही. आठ दिवस ते उत्तर मी जवळ ठेवलं. मी पाणी भरलं, भाकरी टाकल्या, मेथी खुडली, सगळं रोजचंच केलं, आणि घरातली माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. माय दोनदा काहीतरी बोलायला आली आणि खोकून परत गेली. शेजारची बाई विचारून गेली, ठरलं का, तेव्हा मायनं तिला सांगितलं, "पोरगी इचार करून राह्यली." ते मी आतून ऐकलं. माझ्याबद्दल त्या घरात बोललं गेलेलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं. त्या आठ दिवसांत वंदी कुठं आहे, काय करत असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर आले. मी म्हणाले, "मले पसंत हाये."

त्यांनी टोपली उचलली, पायरीपर्यंत गेले, थांबले, आणि टोपली परत खाली ठेवली.

"कोणाच्या धाकानं तर नाही म्हणत?" त्यांनी विचारलं. "नाही म्हणाली तरी चालंल."

हे दुसऱ्यांदा विचारायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.